पूडल पाळायचा तर: डोक्याला काम आणि केसांना हात, दोन्ही रोज

पूडल मुळात पाण्यात उतरून शिकार उचलून आणणारा कुत्रा आहे. पडलेलं बदक तळ्यातून तोंडात अलगद धरून शिकाऱ्याच्या हातात आणून द्यायचं, हे त्याचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. प्रदर्शनातल्या पूडलच्या अंगावर दिसणारे ते केसांचे गोळेही त्याच कामातून आले. पोहताना पाय मोकळे हलावेत म्हणून मागचा भाग भादरायचा आणि छाती, सांधे गारठू नयेत म्हणून तिथले केस राखायचे, अशी ती पद्धत. आज घरात येणाऱ्या पूडलला ना तळं दिसतं ना बदक. पण माणसाच्या हाताकडे आणि नजरेकडे लक्ष ठेवून पुढची सूचना आधीच ओळखण्याची सवय त्याच्यात पुरेपूर उरली आहे. त्याच्या स्वभावातलं जे काही छान आहे ते इथून येतं, आणि ज्या तक्रारी ऐकू येतात त्याही बहुतेक इथूनच. केसांची निगा कितपत जमेल हेसुद्धा शेवटी या स्वभावावरच ठरतं, म्हणून आधी स्वभाव आणि मग केस, असं घेऊ.

त्याआधी आकाराबद्दल थोडक्यात. अमेरिकन केनेल क्लबच्या मापाने खांद्यापाशी १० इंचांपर्यंतचा तो टॉय, १० ते १५ इंचांचा मिनिएचर आणि १५ इंचांच्या वरचा स्टँडर्ड. एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संस्था चार आकार मानते, त्यात ३५ ते ४५ सेंटिमीटरचा मीडियम हा आणखी एक. वजनाचा अंदाज असा: टॉय दोन ते तीन किलो, मिनिएचर साडेचार ते सात, स्टँडर्ड मादी १८ ते २३ आणि नर २७ ते ३२ किलो. ‘टीकप’ नावाचा आकार यांपैकी कुणाच्याही नियमात नाही. तो विक्रीचा शब्द आहे. मुद्दाम खुरटी केलेली ही पिल्लं रक्तातली साखर घसरणं, नाजूक हाडं आणि दाटीवाटीचे दात हे सगळं सोबत घेऊन येतात. ती घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वभाव: सगळं टिपणारा कुत्रा

पूडल हुशार आहे हे सगळे सांगतात. त्या हुशारीचा रोजच्या घरात अर्थ काय, हे सहसा कुणी सांगत नाही. अर्थ असा की तो शिकवलेलं शिकतो, आणि न शिकवलेलंही शिकतो. तुम्ही बाहेर जाताना किल्ल्या उचलता, मग चपला घालता, मग दार उघडता. चार-पाच दिवसांत त्याला किल्ल्यांच्या आवाजावरून पुढचं सगळं कळतं आणि घालमेल तिथूनच सुरू होते. भुंकल्यावर एकदा खिडकी उघडली गेली, तर पुढच्या वेळी खिडकी हवी असली की तो भुंकणार. जेवणाच्या टेबलावरून एकाने एकदा तुकडा दिला, की तो बरोबर त्याच माणसाच्या खुर्चीशी जाऊन बसणार. लॅब्रेडॉरला एखादी वाईट सवय लागायला वेळ लागतो, पूडलला दोन-तीन वेळा पुरतात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी नियम आधी ठरवून घ्यावेत. सोफ्यावर चालेल की नाही, उडी मारून स्वागत केलं तर काय करायचं, ‘बस’ला कुठला शब्द वापरायचा. घरात तीन माणसं तीन पद्धतींनी वागली तर पूडल गोंधळत नाही. तो तिघांचे वेगळे नियम लक्षात ठेवतो, आणि ते जास्त त्रासाचं असतं.

दुसरी गोष्ट हळवेपणाची. ओरडणं, पट्ट्याला हिसका, घरातलं भांडण, हे सगळं त्याच्या अंगावर येतं. काही पूडलना अशा ताणाने जुलाब होतात किंवा ते खाणं सोडतात. शिक्षा करून शिकवलेला पूडल आज्ञाधारक न होता दबकून राहतो, आणि दबकलेला कुत्रा पुढे कधीतरी दात दाखवतो. शिकवायचं ते छोट्या खेपांत: एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, वाटाण्याएवढा खाऊ, आणि बरोबर कृतीनंतर सेकंदाभरात ‘शाब्बास’. तीच गोष्ट दहा-बारा वेळा करून घेतली तर पूडल कंटाळतो आणि स्वतःच काहीतरी वेगळं करून दाखवायला लागतो. तो हट्ट नसतो, खेळ त्याला समजलेला असतो. तिथे थांबावं आणि पुढची पायरी द्यावी.

पिल्लाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे नवं जग दिसतं ते त्याच्या मनात ‘नेहमीचं’ म्हणून बसतं. पिल्लू साधारण आठव्या आठवड्यानंतर घरी येतं, म्हणजे तुमच्या हातात पाच-सहा आठवडेच असतात. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला अनोळखी कुत्र्यांच्या जागी जमिनीवर सोडू नये, पण कडेवर घेऊन रहदारी, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसं, कर्कश आवाज, लहान मुलं हे सगळं दुरून दाखवावं. टॉयच्या बाबतीत एक चूक नेहमी होते. तो छोटा म्हणून सतत उचललेला असतो, त्यामुळे त्याला स्वतःच्या पायावर उभं राहून जगाशी ओळख करून घेताच येत नाही. मग मोठा कुत्रा दिसला की तो कडेवरून भुंकतो आणि लोक म्हणतात, टॉय पूडल चिडके असतात. ते चिडके घडवले जातात. सुरक्षित जागी त्याला जमिनीवर ठेवा, दुसऱ्या कुत्र्यापासून लांब जायची मोकळीक द्या आणि ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ हे त्याला स्टँडर्डइतकंच नीट शिकवा.

एकटं राहणं ही पूडलची सगळ्यांत कच्ची बाजू. तो घरभर माणसाच्या मागे फिरतो, आणि सुरुवातीला ते गोड वाटतं म्हणून कुणी थांबवत नाही. पहिल्याच आठवड्यापासून त्याला वेगळ्या खोलीत किंवा जाळीच्या फाटकामागे चघळायला काहीतरी देऊन बसवा. आधी अर्धं मिनिट, मग दोन, मग पाच. रडायला लागायच्या आत परत यायचं. तो रडल्यावर परत आलात तर रडणं चालतं, एवढाच धडा तो घेतो. आणि आधीच घाबरा झाला असेल तर ‘रडून थकेल’ म्हणून तसाच सोडू नये, कारण त्याने भीती पक्की होते. अशा वेळी वेळ कमी करून पुन्हा खालच्या पायरीपासून चढायचं. मोठ्या पूडललाही रोज आठ-नऊ तास एकटं राहावं लागणार असेल, मधे कुणी येणारं नसेल, तर हा कुत्रा त्या घरासाठी नाही.

मुलांच्या घरात आकाराचा विचार करावा. टॉय सोफ्यावरून किंवा मुलाच्या हातातून पडला तर पुढच्या पायाची हाडं मनगटाच्या वर मोडतात. बारीक कुत्र्यांत हे फ्रॅक्चर फार दिसतं आणि तिथे रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते भरूनही हळू येतं. सहा-सात वर्षांखालच्या मुलांनी टॉयला उभ्याने उचलायचं नाही. जमिनीवर बसायचं आणि त्याला मांडीवर यायचं असेल तर येऊ द्यायचं. स्टँडर्डची अडचण उलटी. तो मोडत नाही, पण दोन वर्षांपर्यंत मनाने पिल्लूच असतो आणि आनंदाच्या भरात मुलाला पाडतो. माझ्या मते लहान मुलं असलेल्या घराला मिनिएचर किंवा शांत स्वभावाच्या आईबापांचा स्टँडर्ड बरा.

व्यायामाचं गणित मिनिटांवर कमी आणि डोक्यावर जास्त. मोठ्या स्टँडर्डला रोज तास-दीड तास, मिनिएचरला पाऊण ते एक तास, टॉयला अर्धा तास हे धरून चालावं. पण नुसताच चेंडू फेकत राहिलात तर चेंडूशिवाय काही न सुचणारा, सतत टक्क जागा राहणारा कुत्रा तयार होतो. त्यापेक्षा निम्मा वेळ हुंगत चालू द्या, घरात खाऊ लपवून शोधायला लावा, वस्तू नावाने आणायला शिकवा. आणून देणं हे त्याच्या रक्तात आहे. मोजा, वर्तमानपत्र, स्वतःचा पट्टा हे आणायला तो सहज शिकतो, आणि दहा मिनिटांच्या अशा कामाने तो जितका निवांत होतो तितका तासभर पळूनही होत नाही. स्टँडर्ड पिल्लाला वर्ष-सव्वा वर्षापर्यंत सायकलमागे पळवू नये किंवा उंच उड्या मारायला लावू नये, हाडांच्या वाढीच्या जागा तोवर मिटलेल्या नसतात.

केस: गळत नाहीत म्हणजे काय

पूडलला अंगालगतचा लोकरीसारखा आतला थर जवळजवळ नसतो. एकाच प्रकारचा कुरळा केस असतो आणि तो वाढतच राहतो. १९८८ ते १९९१ या काळात जॉन सूटर यांनी अलास्कातल्या इडिटारॉड या स्लेज (कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची घसरगाडी) शर्यतीत स्टँडर्ड पूडल जुंपले होते. पळण्यात ते कमी पडले नाहीत. पण त्यांच्या केसांत बर्फ धरायचा, झोपल्यावर केस जमिनीला गोठून चिकटायचे. पुढे त्या शर्यतीत फक्त उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या जातींना परवानगी ठेवली गेली. अंगाला दाट अस्तर नसेल तर काय होतं हे यातून कळतं.

घरातल्या माणसाला महत्त्वाचं ते असं: पूडलचे केस गळतात, पण खाली पडत नाहीत. सुटलेला केस शेजारच्या कुरळ्या केसात अडकतो, दोन्ही पीळ खातात आणि कातडीलगत गुंता बसतो. वरून हात फिरवला तर सगळं मऊ लागतं, आत मात्र जटा झालेली असते. जटेखाली हवा जात नाही, ओल राहते, कातडी लाल होते, आणि प्रत्येक पावलागणिक केस ओढले जाऊन दुखतं. ‘रोज ब्रश करतो, तरी ग्रूमरने सगळं भादरून टाकलं’ ही तक्रार इथून येते. ब्रश वरच्या इंचभर केसांतूनच फिरलेला असतो.

अॅलर्जीचा गैरसमजही इथेच निकालात काढू. अॅलर्जी केसाने होत नाही. लाळ आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांनी ती होते, आणि ती पूडललाही असतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तर ‘अॅलर्जी न होणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत, त्यात पूडलही होता, मुख्य अॅलर्जीकारक प्रथिनाचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आढळलं. घरात कुणाला दमा किंवा अॅलर्जी असेल तर पिल्लू घ्यायच्या आधी त्या माणसाने त्याच कुत्र्यांसोबत चार-पाच वेळा तासभर बसून पाहावं. केस गळत नाहीत एवढ्या भरवशावर निर्णय घेऊ नये.

लागणारी हत्यारं थोडी: वाकड्या बारीक तारांचा स्लिकर ब्रश, निम्मे दात विरळ आणि निम्मे दाट असलेला धातूचा कंगवा, पाण्याची फवारणीची बाटली (कपभर पाण्यात चमचाभर कुत्र्यांचं कंडिशनर), आणि घसरू नये म्हणून रबरी चटई. यांत खरा परीक्षक कंगवा. जिथे कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडता जात नाही तिथे काम झालेलं नाही, ब्रश कितीही फिरवला असो.

पद्धत अशी. कोरड्या केसांत ब्रश फिरवला तर केस तुटतात, म्हणून आधी हलका फवारा मारायचा. कुत्र्याला कुशीवर निजवायचं. पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करायची. एका हाताने वरचे केस वर दाबून धरायचे, त्यामुळे कातडीची एक आडवी रेघ उघडी दिसते. त्या रेघेखालचे केस मुळापासून बाहेरच्या दिशेने ब्रश करायचे, छोट्या छोट्या हातांनी, मनगट सैल ठेवून. तारा कातडीवर घासायच्या नाहीत. आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला ब्रश टेकवून जोर पाहावा. ती रेघ झाली की अर्धा इंच वर दुसरी रेघ. असं करत पाय, मग बाजू, पाठ, छाती, शेवटी कान आणि डोकं. प्रत्येक भाग झाला की कंगवा. इंचभर केस ठेवलेल्या मिनिएचरला याला वीसेक मिनिटं लागतात, आठवड्यातून तीनदा. त्याहून लांब केस ठेवायचे तर रोज.

गुंता नेहमी ठरलेल्या जागी आधी बसतो: कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, बोटांच्या मध्ये. वेळ कमी असेल त्या दिवशी एवढ्या सहा जागा तरी कंगव्याने पाहाव्यात. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घरात आल्यावर काढून ठेवावा, काखेतल्या निम्म्या जटा त्यानेच होतात.

छोटी गाठ सापडली तर बोटांनी आधी टोकाकडून फाकवायची, मग कंगव्याच्या शेवटच्या दोन दातांनी थोडी थोडी सोडवायची, बुडाशी केस घट्ट धरून, म्हणजे ओढ कातडीवर येत नाही. कात्रीने गाठ कापायला जाऊ नका. गाठीत कातडी वर ओढली गेलेली असते, ती दिसत नाही आणि कात्री सरळ तिच्यातून जाते. कानाची कड आणि काख इथे या जखमा सर्रास होतात. मोठी जटा काढायची ती क्लिपरने (केस भादरायच्या यंत्राने), १० नंबरच्या ब्लेडने, जटेच्या खालून. आणि सगळं अंगच जटांनी भरलं असेल तर भादरणं हीच माया. तासन् तास सोडवत बसलात तर त्याला पुढे आयुष्यभर ब्रशची भीती बसते. जटांनी जड झालेले कान भादरल्यावर काही कुत्रे डोकं जोरजोराने झटकतात, त्याने कानाच्या पाळीत रक्त साकळून फुगा येऊ शकतो. म्हणून पहिला दिवसभर लक्ष ठेवावं, झटकणं थांबत नसेल तर व्हेटकडे न्यावं.

सगळ्यांत कठीण काळ म्हणजे पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे राठ केस येण्याचा. साधारण नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कधीही तो येतो आणि काही आठवडे ते काही महिने चालतो. या दिवसांत काल सोडवलेला गुंता आज परत दिसतो. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. दोन्ही प्रकारचे केस एकत्र असल्याने ते होतं. या काळात केस अर्ध्या इंचावर उतरवावेत.

आंघोळ, सुकवणं, कापणं

आंघोळ तीन ते सहा आठवड्यांनी पुरते. क्रम मात्र पाळायचा: आधी ब्रश आणि कंगवा, मग पाणी. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो आणि सुकल्यावर नमदा होतो. पाणी कोमट, शाम्पू कुत्र्यांचा, आणि पाण्यात पातळ करून, म्हणजे तो कातडीपर्यंत पोचतो. साबण राहून गेला तर खाज सुटते. त्यामुळे पाणी स्वच्छ वाहायला लागल्यावरही आणखी दोन मिनिटं धुवावं, विशेषतः काखा आणि पोट.

टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा. मग ड्रायर. हवेचा झोत जिथे पडतोय तिथेच त्याच वेळी ब्रश करायचा, त्याने केस सरळ सुकतो आणि नंतर आठवडाभर गुंतत नाही. ओला पूडल तसाच सुकू दिला तर केस घट्ट पीळ धरतात आणि पुढच्या ब्रशिंगला दुप्पट वेळ लागतो. माणसांचा ड्रायर चालतो, पण गार किंवा कोमट हवेवर, हात सतत हलता ठेवून. सुकवणं अर्धवट सोडलं की काखेत आणि कानांखाली ओल राहते आणि तिथूनच कातडीचा दाह सुरू होतो.

कापणं चार ते सहा आठवड्यांनी. घरच्या कुत्र्याला सगळीकडे सारखी लांबी सोयीची. अंगाला ४ एफ ब्लेड साधारण साडेनऊ मिलिमीटर केस ठेवतं, ५ एफ सव्वासहा, ७ एफ तीनच्या थोडं वर. तोंड, पंजे, पोट आणि शेपटीखाली १० नंबर, दीड मिलिमीटर. ४, ५ आणि ७ नंबरची ‘एफ’ नसलेली, एक आड एक लांब दातांची ब्लेड घरच्या माणसाने वापरू नयेत. पातळ कातडी त्या दातांत अडकून चिरते. अंगावर केसांच्या वळणाने चालवायचं, कातडी दुसऱ्या हाताने ताणून. दर तीन-चार मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून पाहायचं. तापलेल्या ब्लेडने जळल्याचं लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी कुत्रा ती जागा चाटायला, घासायला लागतो तेव्हा कळतं. केस अस्वच्छ असतील तर ब्लेड बोथट होतं आणि लवकर तापतं, म्हणून कापायचं ते धुऊन सुकवल्यावर.

तोंड साफ ठेवायची पद्धत नुसती दिसण्यापुरती नाही. ओठांच्या कडेला अन्न अडकत नाही आणि डोळ्यांखाली ओल धरत नाही. कानाच्या भोकापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ, तिथून खाली गाल आणि नाकाकडे. गळ्यावर दोन्ही कानांपासून खाली येणारा इंग्रजी ‘व्ही’. ओठाचा कोपरा मागे ताणून घ्यावा, तिथल्या घडीत ब्लेड लागतं. पंज्यांत बोट खालून वर दाबलं की नखांमधली जागा फाकते. ब्लेडचा फक्त कोपरा वापरून तिथले केस काढायचे. दोन बोटांमधल्या पडद्याला ब्लेड आडवं टेकवू नका, पूडलला सगळ्यांत जास्त कापतं ते तिथे. उन्हाळ्यात गार वाटावं म्हणून अंग पार कातडीपर्यंत भादरू नये. फिकट पूडलची गुलाबी कातडी उन्हाने भाजते. अर्धा इंच ठेवावा.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी. काळ्या नखात जिव्हाळी दिसत नाही, म्हणून टोकाकडून पातळ चकत्या काढत जायचं. कापलेल्या भागाच्या मध्यभागी ओलसर काळा ठिपका दिसला की थांबायचं. चुकून रक्त आलंच तर रक्त थांबवायची पूड दाबून धरायची, नसेल तर कॉर्नफ्लोअर.

कानाच्या नळीतही पूडलला केस येतात. पूर्वी सगळेच उपटायचे. आता विचार बदललाय. कान कोरडा, वास नसलेला, निरोगी असेल तर उपटू नये, कारण उपटल्याने नळी सुजते. वारंवार संसर्ग होणाऱ्या कानाचं काय करायचं ते व्हेटने ठरवावं. आपण आठवड्यातून एकदा कान वर करून हुंगायचा आणि पाहायचा. आंबूस वास, तपकिरी मळ, एका बाजूला मान कलती ठेवणं ही संसर्गाची लक्षणं. आंघोळीनंतर कान साफ करायचं द्रावण घालून, कानाचं बूड चोळून, कुत्र्याला डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेला मळ कापसाने पुसायचा. काडी आत घालायची नाही.

आता स्वभाव आणि केस जिथे एकत्र येतात ती गोष्ट. हे सगळं करून घेण्याची तयारी पिल्लूपणीच होते. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज दोन मिनिटं: एक पंजा हातात घ्या, खाऊ द्या. कान उचला, खाऊ. हनुवटी तळहातावर टेकवून तीन सेकंद, खाऊ. क्लिपर बंद ठेवून अंगाला टेकवा, मग शेजारच्या खोलीत चालू करा, मग जवळ, मग चालू क्लिपरची पाठ, थरथर जाणवेल अशी, अंगाला टेकवा. ब्लेड केसाला लागायच्या आधी हे आठ-दहा दिवस चालू द्या. त्याने पाय ओढून घेतला तर घट्ट धरू नका, आधीच्या पायरीवर जा. सगळं टिपणारा हा कुत्रा तुमचा पहिला बळजबरीचा प्रसंगही टिपतो, आणि नीट शिकवलेला पूडल टेबलावर स्वतःहून पंजा पुढे करतो तोही त्याच गुणामुळे.

खाणं आणि तब्येत

दाट केसांखाली कुत्रा जाड झालाय की खंगलाय हे डोळ्यांना दिसत नाही. दर पंधरवड्याला बरगड्यांवर सपाट बोटं फिरवा. हलक्या हाताने बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. त्यासाठी दाबावं लागलं तर खाणं दहा टक्क्यांनी कमी. हाच हात गोचिडांसाठीही उपयोगी, कारण कुरळ्या केसांत त्या दिसत नाहीत, हाताला लागतात. चॉकलेट, द्राक्षं-मनुका, कांदा-लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही विषारी आहे. माणसांची टूथपेस्टही यात आली. टॉय आणि मिनिएचरचे दात फार लवकर खराब होतात, कुत्र्यांच्या पेस्टने रोज घासावेत. सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा शेजारी उभा असेल तर तो काढून घ्यावा लागतो.

टॉय पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा खायला द्यायचं. एक वेळ चुकली तरी साखर घसरते: पिल्लू झोकांड्या खातं, थरथरतं, मलूल पडतं. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळून तडक व्हेटकडे जावं. तोंडात ओतू नये, श्वासनलिकेत जातं. टॉयला चालवताना गळ्याला पट्टा नको, हार्नेस हवा. श्वासनलिका मऊ असते, बदकाच्या आवाजासारखा कोरडा खोकला ऐकू आला तर दाखवून घ्या. चालता चालता मागचा पाय दोन पावलं उचलून पुन्हा टेकणं हे गुडघ्याची वाटी सरकल्याचं लक्षण.

स्टँडर्डमध्ये एक आपत्ती माहीत असायलाच हवी. पोट वायूने फुगतं आणि जठर स्वतःभोवती पीळ खातं. कुत्रा अस्वस्थ फिरतो, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, पोट ताठ होतं. सकाळपर्यंत वाट पाहण्याची ही गोष्ट नाही. लगेच शस्त्रक्रिया झाली नाही तर काही तासांत कुत्रा जाऊ शकतो. रोजचं खाणं दोन-तीन वेळांत विभागावं, गपागपा खाणाऱ्याला खाचांचं भांडं द्यावं, खाल्ल्यावर लगेच पळवू नये. भांडं उंचावर ठेवल्याने हा धोका टळतो असं सांगतात, त्यावर विसंबू नका. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला शिवून घेता येतं. जठराच्या या पिळापासून तो सगळ्यांत भरवशाचा बचाव आहे.

अॅडिसन हा दुसरा फसवा आजार, यात मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथींची संप्रेरकं कमी पडतात. अधूनमधून उलट्या, मग बरा, मग अशक्तपणा, मग पुन्हा बरा. सलाइन दिलं की टवटवीत होतो, त्यामुळे पोट बिघडलं होतं असं वाटून जातं. पूडलमध्ये असं दोन-तीनदा झालं तर व्हेटला या ग्रंथी तपासणाऱ्या एसीटीएच चाचणीबद्दल नक्की विचारा. निदान झालं की औषधावर कुत्रा पूर्ण आयुष्य जगतो. आणि स्टँडर्डच्या डोक्यावर, पाठीवर खवले धरून कुरळे केस सरळ, विरळ व्हायला लागले तर तो कातडीतल्या तेलग्रंथींचा विकार असू शकतो, कातडीचा तुकडा तपासून कळतो.

पिल्लू घेताना आईबापांच्या तपासण्यांचे कागद मागावेत: स्टँडर्डसाठी खुब्याचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी आणि तेलग्रंथींच्या विकाराची तपासणी, टॉय आणि मिनिएचरसाठी गुडघे, डोळे आणि प्रोग्रेसिव्ह रेटिनल अॅट्रॉफी या अंधत्वाकडे नेणाऱ्या आजाराची जनुकीय चाचणी. ‘आमचे कुत्रे निरोगीच आहेत’ हे उत्तर कागदाच्या जागी चालत नाही. रंगाची मात्र काळजी करू नका. सिल्व्हर पूडल जन्मतः काळा असतो, दोन वर्षांत उजळतो. अॅप्रिकॉटही फिकट होत जातो.

पूडल खूप जगतो, टॉय तर पंधरा-सोळा वर्षंही. दहा-अकराच्या पुढे दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि डोळे पाहून घ्यावेत. म्हातारा पूडल टेबलावर फार वेळ उभा राहू शकत नाही, त्यामुळे केस बारीक ठेवावेत आणि काम दोन दिवसांत वाटावं: एक दिवस आंघोळ आणि अंग, दुसऱ्या दिवशी तोंड, पंजे, नखं. पोटाखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला की मागच्या पायांवरचा भार कमी होतो. दृष्टी मंदावली असेल तर ब्रश लावायच्या आधी नाव घेऊन खांद्याला हात लावावा.